पत्रा जाड, म्हणजे गाडी भक्कम?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या गाडीचा पत्रा बुक्की मारली तरी दबत नसे. माझ्या नव्या गाडीचा बंपर खांबाला जरा टेकला आणि फुटलाच! मग जुन्याच गाड्या सुरक्षित नव्हेत का?

उत्तर : पत्र्याचं म्हणाल तर कबूल. पण गॅरेजमध्ये हात काळे करताना मी अशीही जुनी गाडी पाहिली आहे, जिचं बोनेट जेमतेम दबलेलं आणि स्टिअरिंगचा दांडा मात्र सीटपर्यंत घुसलेला. बोनेट चुरगळलं नाही, तर धक्का जाणार कुठे? बसलेल्याच्या छातीत! नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळणारं करतात, केबिन कडक ठेवतात. ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची, १९५० च्या दशकातली.

२००९ मध्ये अमेरिकेत १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. बेल एअरची केबिनच कोसळली. मॅलिबूची बरीचशी शाबूत राहिली. बंपरचं प्लॅस्टिक फुटतं त्याचा खर्च होतो, हे खरं. मलाही ते आवडत नाही.

आणि पट्टा लावा हो. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ चा, अजून त्याला तोड नाही. एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको म्हणणारे भेटले की मी हात जोडतो. आज घरी गेल्यावर तुमचा पट्टा झटक्यात ओढून पाहा. जागीच अडकला नाही, तर आधी तो बदला, बंपर नंतर.