जिनिंगचं लाइट बिल कमी करायचं तर आधी सोलर का आधी ऑडिट?

भाऊ, तुम्ही विचारलं की शेतकरी कंपनीनं जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायची मिल) चालवायला घेतलंय, एचटी (हाय टेन्शन, जास्त दाबाचं) कनेक्शन आहे, बिल पाहून संचालक घाबरले, आता कर्ज काढून सोलर लावावं का वीज कुठं जाते ते मोजणारा ऑडिटवाला बोलवावा. मी हिंगणघाटकडे जिनिंगमध्येच मेंटेनन्स पाहतो म्हणून लिहून राह्यलो. माझं म्हणाल तर दोन्ही जरा थांबवा. आधी ते बिल मुनीमजीच्या फाइलीतून काढा अन् फिटरच्या हातात द्या.

काहून म्हणतो पाहा. आपल्याकडे बिल भरते मुनीम, मोटरी सांभाळते फिटर, अन् किती जिन कधी लावायच्या ते ठरवते मॅनेजर. तिघं कधी एका टेबलावर बसत नाहीत. बिल वाढलं की मुनीम म्हणते रेट वाढले, फिटर म्हणते मशीन जुनी झाली, मॅनेजर म्हणते कापूस ओला होता. तिघंही थोडे थोडे खरेच असतात, म्हणूनच तर काही होत नाही.

आता बिलात सगळ्यात आधी पाहायची ती डिमांड, म्हणजे एका वेळी तुम्ही किती लोड ओढता ते, हे केव्हीएमध्ये मोजतात. एचटीमध्ये तुम्ही युनिटचे पैसे देता ते वेगळे अन् केव्हीएचे वेगळे, अन् हे केव्हीएचे पैसे मिल बंद असली तरी लागतात. महिन्यात ठरलेल्या तासांत तुमची जी जास्तीत जास्त डिमांड रेकॉर्ड झाली ती, किंवा मागच्या ११ महिन्यांतल्या सगळ्यात मोठ्या बिलिंग डिमांडच्या ७५ टक्के, किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा (वीज कंपनीशी करारात ठरलेल्या केव्हीएचा) ठरलेला टक्का, यातलं जे जास्त त्यावर आकारणी होते. समजा डिसेंबरात एक दिवस गाड्यांची लय मोठी लाइन लागली, मॅनेजरनं सगळ्या जिन, पाला हाऊसचे (मोकळी रुई जमते त्या खोलीचे) सक्शन फॅन, प्रेसचा पंप, सगळंच एकदम चालवलं अन् एमडी (महिन्यातली जास्तीत जास्त डिमांड) २८० केव्हीए गेली. तर कनेक्शन सीझनल म्हणून नोंदलेलं नसलं तर जुलैमध्ये, मिलमध्ये चौकीदाराचा बल्ब अन् बोअरची मोटर सोडून काहीच चालू नसताना, तुम्ही २१० केव्हीएचे पैसे भरून राह्यले असता. एका दिवसाची घाई अख्ख्या वर्षाला पुरते! अन् कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर गेले तर वरच्या तेवढ्या केव्हीएला दीडपट रेट.

इथं फिटर लोकांचा एक गैरसमज असतो, की मोटर स्टार्ट होताना जो झटका बसते त्यानं एमडी चढते. तसं नाही. मीटर दोन-चार सेकंदाचा झटका धरत नाही, ठरावीक मिनिटांच्या ब्लॉकची सरासरी धरते. म्हणून स्टार्टर बदलून डिमांड उतरणार नाही, सगळं सोबत चालवणं थांबवलं तरच उतरेल. प्रेस जिनच्या बरोबरच चालली पाहिजे असं काही नाही. रुई जमू द्या अन् थोड्या जिन बंद करून गठाणी बांधा (पण रुईचा ढीग जास्त वेळ ठेवू नका, आगीचं काम आहे, तिथं पैसे वाचवायला जाऊ नका). यानं एमडी ६० केव्हीए उतरली अन् रेट पाचशे रुपये केव्हीए जरी धरला तरी सीझनमध्ये महिन्याचे तीस हजार झाले, तेही एक रुपया न लावता. सोलरनं ही डिमांड कमी होईल असं धरून चालू नका, डिसेंबरात संध्याकाळी सहालाच अंधार पडते अन् मिल तर चालूच असते.

दुसरी गोष्ट कॅपॅसिटर, म्हणजे मोटरींमुळे उतरलेला पॉवर फॅक्टर वर चढवणारे डबे. एप्रिल २०२० पासून महावितरणचं एचटी बिल केव्हीएएचवर (युनिटला पॉवर फॅक्टरनं भागून येणाऱ्या आकड्यावर) येते. म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरंच कामाला लागणारा वाटा) ०.९ असला तर हजार युनिट वापरून तुम्ही अकराशे अकराचे पैसे देता. हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण उलटी बाजू कुणी पाहत नाही. सीझन संपला, मोटरी बंद झाल्या, अन् कॅपॅसिटर तसेच लाइनवर राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंगमध्ये (उलट्या बाजूला) जाते अन् लीडिंगही लॅगिंगसारखंच (मोटरींमुळे पडते तसंच) मोजलं जाते. बंद मिलचं युनिट बिल फुगलेलं दिसलं की पहिले पॅनलजवळ जाऊन कॅपॅसिटरचे स्विच पाहा. एपीएफसी पॅनल (कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं) असेल तर ते खरंच ऑटोवर आहे का पाहा, लय ठिकाणी ते मॅन्युअलवर टाकून ठेवलेलं असते अन् कोणी टाकलं ते कोणालाच माहीत नसते.

मशीनमध्ये पैसा खातात ते सक्शन फॅन. जिनवर सगळ्यांचं लक्ष असते, फॅन मागं घूं घूं करत राहते. कापूस नसतानाही चालू, डॅम्पर (हवेची झडप) अर्धा दाबलेला, डक्टला भोकं. फॅनची स्पीड २० टक्के कमी केली तर पॉवर जवळपास निम्मी लागते. व्हीएफडी (मोटरची स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) लावा नाही तर पुली बदला, पण कापूस ओढला जाते का ते पाहूनच, नाही तर पाइप चोक होईल अन् मजूर तुम्हाला शिव्या घालतील.

अन् रोजचं एक रजिस्टर ठेवा. सकाळी मीटर रीडिंग, कालच्या गठाणी, त्यावरून एका गठाणीला किती युनिट लागले तो आकडा, बस. कापूस ओला होता, गाड्या नव्हत्या, लाइट गेली होती, जे असेल ते बाजूला लिहा. महिन्याचं बिल पाहून काहीच कळत नाही, या आकड्यावरून आठ दिवसांत कळते. आयएसओ ५०००१ नावाचं एनर्जी मॅनेजमेंटचं स्टँडर्ड आहे, २०११ मध्ये आलं अन् २०१८ मध्ये बदललं. त्याचाही मूळ मुद्दा आकडा धरा, माणूस ठरवा, परत तपासा हाच आहे. सर्टिफिकेट तुम्हाला सध्या लागत नाही.

टाइमचंही पाहा. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा स्वस्त, म्हणून जिनवाल्यांना नाइट शिफ्टची सवय लागली. २०२३ मध्ये केंद्रानं नियम बदलले, आता दिवसा उन्हाच्या तासांत रेट कमी अन् पीक अवर्समध्ये (विजेच्या जास्त मागणीच्या तासांत) जास्त अशी दिशा आहे. बिलावर झोनप्रमाणे युनिट छापून येतात, तिथं पाहून शिफ्ट ठरवा, सवयीवर नको.

सोलर वाईट नाही, दिवसा मिल चालते तर कामाचंच आहे. फक्त मे महिन्यात ऊन रगड अन् मिल बंद, तेव्हाचे युनिट पुढं कसे जमा होतात अन् कोणत्या तासांतून वजा होतात ते सही करायच्या आधी लेखी घ्या. अन् पॅनल पाला हाऊसच्या बाजूनं लावू नका, रुईची उडती धूळ बसून बसून पांढरे होतात.

बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट आहे, तुमचा पैसा सीझनमध्ये कापसात अडकलेला असेल तरी तेवढा बाजूला काढा. अन् ऑडिटवाला बोलवायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत बोलवा, जूनमध्ये बंद मिलमध्ये येऊन तो काय मोजणार, चहा पिऊन रिपोर्ट देईल.