म्हापशातल्या अपघाताचा एफआयआर आणि पंचनामा हवाय, पण मी फिर्यादी नाही. कुठे मागू?

एफआयआर आधी गोवा पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधा, पंचनाम्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर साधारण 24 तासांत ऑनलाइन टाकावाच लागतो, त्यामुळे त्यासाठी पोलीस स्टेशनच्या खेपा कशाला? अर्ज पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. त्यात गुन्हा क्रमांक, तारीख, पोलीस स्टेशन आणि नेमके कोणते कागद हवेत ते लिहा. ‘सगळी माहिती द्या’ म्हणालात तर टोलवाटोलवी ठरलेलीच. मात्र तपास चालू असेल आणि माहितीमुळे त्यात अडथळा येणार असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ज) खाली नकार मिळू शकतो. त्यावर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं.