सूर्यनमस्कार सुरू करण्यापूर्वी

बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तुम्ही रोज फिरता, ते चालू ठेवाच. सोबत घरी सतरंजीवर २० मिनिटे द्या. एका सूर्यनमस्कारात १२ स्थिती असतात, आणि पुढे वाकताना गुडघे किंचित दुमडले तर कंबरेवरचा ताण बराच कमी होतो, हे मला (हट्टाने तळवे जमिनीला टेकवून) कंबर धरल्यावरच उमगले. जेवणानंतर ३-४ तास जाऊ द्यावेत. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात अंग आखडते, म्हणून आधी मान, खांदे, घोटे सावकाश फिरवावेत. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या तुमच्यासारख्यांना माझ्या मते भुजंगासन (पालथे झोपून छाती वर उचलण्याचे आसन) अधिक उपयोगी, कारण त्याने पाठीचे स्नायू बळकट होतात. रक्तदाब वाढलेला असल्यास श्वास रोखू नये, शीर्षासन टाळावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.