फिट आली की चमचा नको, घड्याळ बघा

प्रश्न: माझ्या पुतण्याला (वय 19) फिटचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात घरच्या हळदीत तो एकदम खाली पडला, हातपाय झटकायला लागला, तोंडाला फेस. दोघांनी पाय दाबून धरले, कुणी चप्पल हुंगवली, आणि मी घाबरून दातांत स्टीलचा चमचा घातला, त्यात त्याचा पुढचा दात तुटला. आता त्याच्यासमोर जायला नको वाटतं. काय करायला हवं होतं?
– एक काकू, सांगोला

उत्तर: ताई, तुम्ही त्याला वाचवायलाच धावलात, एवढं त्यालाही कळत असणार, बिनधास्त जाऊन बोला त्याच्याशी. आता चमच्याचं. फिटमध्ये जीभ गिळली जाते असं सगळ्यांना वाटतं पण तसं होत नाही, फार तर चावली जाते, थोडं रक्त येतं, आणि ती जखम बहुतेक वेळा आपोआप भरते. जबडा मात्र इतका घट्ट बसलेला असतो की काही घुसवायला गेलं की दात तरी तुटतो नाहीतर आपलं बोट तरी सापडतं. चप्पल, कांदा, हातात किल्ली, कशानेच फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, तेवढ्यात कुणीतरी चप्पल लावलेली असते, म्हणून नाव चप्पलचं होतं.

पुढच्या वेळी आधी घड्याळ बघा. आजूबाजूची खुर्ची, समई, गरम भांडी बाजूला करा, डोक्याखाली टॉवेल नाहीतर ओढणीची घडी, चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सोडा. हातपाय धरू नका, जोर लावला की खांदा निखळू शकतो. झटके कमी झाले की लगेच कुशीवर वळवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर येते, श्वासात अडकत नाही. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत पाणीसुद्धा नको. नंतर तो गोंधळलेला असेल, झोपेल, कपड्यात लघवी झाली असेल तर अंगावर चादर टाका आणि गर्दी हटवा, 19 वर्षांच्या मुलाला त्याचंच जास्त लागतं हो.

फिट 5 मिनिटांच्या वर गेली, शुद्ध न येता दुसरी आली, डोक्याला मार लागला किंवा थांबल्यावरही श्वास नीट नसेल तर थेट 108. कुणाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली असेल तरीही दवाखान्यात न्यायचंच. लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो घरी ठेवायचा का ते त्याच्या डॉक्टरांना विचारा.

लग्नघरात जागरण होतं, गोळीची वेळ चुकते, त्या दिवशीही तसंच काही झालं होतं का बघा. आणि हो, दाताचा तुटलेला तुकडा सापडला होता का? सापडला नसेल आणि तेव्हापासून खोकला किंवा छातीत घरघर असेल तर उद्याच छातीचा एक्स-रे काढून घ्या.