‘स्मॉल प्रेअरी टाउन’ मराठीत कसं आणायचं?

प्रश्न असा आला आहे: कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या एका ‘स्मॉल प्रेअरी टाउन’चा इतिहास मराठीत लिहायचा आहे. ‘टाउन’ला खेडं म्हणावं, गाव, नगर की शहर? ‘पॉप्युलेशन ७००’ ही लोकसंख्या की वस्ती? आणि ‘घोस्ट टाउन’चं काय करायचं?

टाउनला ‘गाव’ म्हणा. कुठे नुसतं गाव पुरतं आणि कुठे नाही, एवढंच पाहायचं आहे.

आधी ‘प्रेअरी’. हा शब्द तसाच ठेवावा. शाळेच्या भूगोलामुळे स्टेप, पंपास, प्रेअरी ही नावं मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. पहिल्या उल्लेखाला ‘प्रेअरीचा गवताळ प्रदेश’ म्हटलं की झालं. ‘माळरान’ मात्र नको. माळ म्हटलं की आपल्याला मुरमाड, उथळ, नांगर न चालणारी जमीन दिसते. प्रेअरीची माती खोल आणि काळी, तिथल्या उंच गवताच्या मुळ्या दोन-दोन मीटर खाली गेलेल्या. तिथेही नांगर अडायचा, पण कारण उलटं: चिकट माती बिडाच्या फाळाला धरून बसायची. १८३७ साली जॉन डिअरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला तो याच अडचणीवर. ‘निर्जन प्रदेशात वसलेलं’ हेही टाळावं. क्री, असिनिबॉइन, मेटी हे लोक तिथे आधीपासून होतेच. दक्षिण सास्काचेवानच्या बऱ्याच भागाबद्दल मूळ रहिवाशांशी झालेला करार, म्हणजे ‘ट्रीटी ४’, १८७४ चा आहे.

आता ‘टाउन’. सास्काचेवानात हा कायद्याचा दर्जा आहे. टाउन व्हायला साधारण ५०० माणसं लागतात, सिटी व्हायला ५,०००. आपल्या जनगणनेत एखादं गाव ‘सेन्सस टाउन’ ठरायला किमान ५,००० लोकसंख्या तर हवीच, शिवाय ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेरचे आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं हवीत. नगरपंचायतीचा विचार तर दहा हजारांच्या पुढे. म्हणजे सातशे माणसांचं टाउन आपल्याकडे असतं, तर तिथे फार तर सात सदस्यांची ग्रामपंचायत असती. त्याला ‘नगर’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं.

‘सिटी’ला डोळे झाकून ‘शहर’ लिहिणं त्याहून धोक्याचं. सास्काचेवानातलं मेलव्हिल १९६० पासून सिटी आहे. २०१६ च्या जनगणनेत तिथे ४,५६२ माणसं होती, तरी दर्जा कायम. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात तर पालिका असलेलं प्रत्येक ठिकाण कायद्याने सिटीच. तिथल्या फ्रीपोर्टची २०१० ची लोकसंख्या होती पाच. पाच जणांचं शहर! अशा जागी ‘सिटीचा दर्जा असलेलं गाव’ असं लिहावं. अशा ठिकाणच्या ‘मेयर’लाही महापौर करू नये. महापौर महानगरपालिकेचा असतो, इथे नगराध्यक्ष पुरे.

मग ‘खेडं’ का नको? इथे शब्दापेक्षा वसाहतीची ठेवण महत्त्वाची. देशावर शेतकरी गावठाणात राहतो आणि शिवारात जातो. प्रेअरीवर उलट. तिथली जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत आखली, प्रत्येकाचे ३६ भाग केले, एक भाग ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, एका कुटुंबाला. शेतकऱ्याने राहायचं त्याच तुकड्यावर. रेल्वेने दर आठ-दहा मैलांवर स्टेशन टाकलं, कारण घोडागाडीत गहू भरून माणसाला एका दिवसात जाऊन परत यायचं असे. स्टेशनाभोवती धान्याची उंच कोठारं (तिथल्या बोलीत एलिव्हेटर), दुकान, लोहार, बँक, चर्च. शेती गावाबाहेर, गावात सगळा व्यापारउदीम. आपल्या जुन्या कागदांतला मौजे आणि कसबा हा भेद इथे बरोबर बसतो. मौजे म्हणजे शेतकऱ्यांचं गाव, कसबा म्हणजे परगण्यातलं बाजारपेठेचं ठिकाण. प्रेअरी टाउन हा छोटा कसबाच. पण आज ‘कसबा’ लिहिलं की पुण्यातली पेठ आठवते, म्हणून ‘बाजाराचं गाव’ किंवा ‘बाजारगाव’ बरं. (वरचा सहा मैलांचा चौकोन म्हणजे ‘टाउनशिप’. त्याचा टाउनशी काही संबंध नाही आणि पुण्या-मुंबईतल्या टाउनशिपशी तर नाहीच नाही.)

‘फाउंडेड’ला ‘वसलं’ऐवजी ‘वसवलं’ म्हणावं. पेठ जशी कोणीतरी वसवतो, तशी ही गावं रेल्वे कंपन्यांनी वसवली. ग्रँड ट्रंक पॅसिफिकने तर स्टेशनांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने (F, G, H...) लावली: फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर. पुढे त्याच मार्गावर यंग आणि झेल्माही आहेत. नकाशावर ही रांग आजही वाचता येते. ‘इन्कॉर्पोरेटेड’ म्हणजे मात्र स्थापना नव्हे, ते दर्जा मिळाल्याचं साल. मेलव्हिलला व्हिलेजचा दर्जा १९०८ ला, टाउनचा १९०९ ला. दोन्हींना ‘स्थापना’ लिहिलं तर गाव दोनदा जन्माला येतं.

‘पॉप्युलेशन’ला कथनात वस्ती आणि आकडेवारीत लोकसंख्या. ‘सातशे वस्तीचं गाव’ हे अस्सल मराठी. पण हा आकडा फक्त पालिकेच्या हद्दीतला असतो. भोवतालचे शेतकरी वेगळ्या ग्रामीण पालिकेत मोजले जातात. आपल्याकडे गावाच्या आकड्यात वाड्या-वस्त्या धरलेल्या असतात, म्हणून ही बाब एका वाक्यात सांगावी. ‘उंबरा’ हे घरटी मोजमाप. सातशे माणसं म्हणजे सातशे उंबरे नव्हेत. कॅनडाच्या जनगणनेत राहत्या घरांचा आकडा वेगळा दिलेला असतो, उंबरे तिथून घ्यावेत.

अगदी लहान आकड्यांवर विशेषणं चढवू नयेत. नेब्रास्कातल्या मोनोवी या गावात २०१० साली एकच रहिवासी होती. २०२० च्या जनगणनेत दोन दिसतात. दुसरं कोणी आलं नव्हतं. खासगी माहिती ओळखू येऊ नये म्हणून अमेरिकी जनगणना विभाग छोट्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतो. ‘दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट’ हे वाक्य गणिताने बरोबर आणि अर्थाने खोटं.

राहिलं ‘घोस्ट टाउन’. भुताचं गाव नको, तिथे भुतं नसतात, माणसं नसतात. जुन्या दप्तरात यासाठी नेमका शब्द होता: बेचिराख, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. फारसी ‘चिराग’वरून आलेला. पण मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली आणि अर्थ जळून-उद्ध्वस्तकडे सरकला. आज तो वापरला तर वाचक बॉम्ब कुठे पडला ते शोधेल. विदर्भात महसुली नोंदींत निर्मनुष्य गावांना ‘रिठी’ म्हणतात. शब्द सुरेख, पण तिकडच्या वाचकापुरता. सर्वांसाठी ‘ओस पडलेलं गाव’. प्रेअरीवर ते ओस पडलं ते एका रात्रीत नव्हे. १९३१ साली सास्काचेवानची लोकसंख्या ९,२१,७८५ होती, १९५१ ला ८,३१,७२८. दुष्काळ, मग ट्रॅक्टर आणि मोठी शेतं, मग ट्रक, मग रेल्वेच्या फाट्यांचे रूळ उखडणं. म्हणून जिथे अजून माणसं आहेत तिथे ‘वस्ती रोडावलेलं गाव’ म्हणावं.

इटुनासारख्या गावाचं पहिलं वाक्य मग असं होईल: ‘मेलव्हिलच्या पश्चिमेला, ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेच्या मार्गावर वसवलेलं इटुना हे प्रेअरीवरचं छोटं बाजारगाव, २०१६ ला वस्ती सातशेच्या आसपास, दर्जा टाउनचा.’