‘अबोली’ नावाचा अर्थ काय?

प्रश्न : आमच्या नातीचे नाव अबोली ठेवले आहे. येथील कन्नड शेजारी या फुलाला कनकांबर म्हणतात. ‘न बोलणारी’ असा अर्थ घेऊन काही नातेवाईक नाव बदलण्याचा आग्रह धरतात. तो योग्य आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : नाव बदलण्याचे कारण दिसत नाही. ‘अ’ आणि ‘बोल’ यांपासून हा शब्द झाल्याचे सामान्यतः मानले जाते, आणि फुलाला जवळजवळ गंध नसल्याने ते आपल्या असण्याची वार्ता देत नाही, ही त्यामागची लोकप्रिय उपपत्ती रम्य असली तरी ती उपपत्तीच समजावी. कनकांबर या संस्कृत समासाचा अर्थ सोनेरी वस्त्र. म्हणजे कन्नडने रंगाकडे पाहिले. मराठीतही ‘अबोली रंग’ फुलावरूनच आला आहे. दक्षिण भारत व श्रीलंका येथील हे झुडूप अडुळशाच्या कुळातील असून, त्याची पक्व बोंडे ओली होताच तडकून बिया दूर फेकतात, तेव्हा नातेवाइकांना ही अबोली मुळीच मुकी नसल्याचे खुशाल सांगावे. रुसव्याचा ‘अबोला’ हा शब्द मात्र वेगळा. त्याची छाया मुलीच्या नावावर पाडू नये.