खाडीतल्या छोट्या होडीला लाकूड, फायबर की ॲल्युमिनियम: पर्यावरणाला कमी घातक काय?
नवी मुंबईत ऐरोली-दिवाळ्याकडे खाडीत चालवायची असेल तर दुरुस्त होण्याजोगी जुनी लाकडी होडीच सगळ्यांत बरी, फायबर सगळ्यांत वाईट. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना बांधणारं रेझिन (राळेसारखं रसायन). हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे मोडीतली होडी भंगारवालाही उचलत नाही. ती खारफुटीत पडून राहते. शिवाय घासताना उडणारी काचेची धूळ भरतीबरोबर चिखलात जाते. आधीच फायबरची असेल तर ताडपत्री अंथरून, वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) ओला करूनच घासा. लाकडात सडलेली तेवढी फळी बदलता येते. नवीच घ्यायची तर ॲल्युमिनियम: बनवताना वीज भरमसाट खातं, पण भंगारातून पुन्हा घडवायला त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. फक्त त्याला तांबं असलेला रंग लावू नका, खाऱ्या पाण्यात पत्र्याला खड्डे पडून भोकं पडतात.